विमान गेले आणि पाऊस पडला

२०१९ च्या पावसाळ्यात सोलापूरच्या बाजार समितीबाहेर, चहाच्या टपरीवर, कृत्रिम पावसासाठी ढगांवर फवारणी करणाऱ्या एकाच विमानाबद्दलची दोन मते माझ्या कानावर पडली. मोहोळकडचे एक शेतकरी म्हणाले, “विमान गेलं आणि तासाभरात सर आली, अजून काय पुरावा पाहिजे?” शेजारी बसलेल्या कांदेवाल्या मामांनी लगेच मान हलवली. “आमच्याकडं विमान आलं अन् भरून आलेलं आभाळ मोकळं झालं. ह्यांनीच ढग पळवले.”

दोघांनी पाहिले ते खरेच होते, परंतु पाहण्यापासून निष्कर्षापर्यंत दोघांनी मारलेली उडी एकच होती. पावसाळी ढगाचे आयुष्य बहुधा तासाभराचे असते. तो एक तर बरसतो किंवा विरून जातो. विमान आले नसते तर त्याच ढगाचे काय झाले असते, हे टपरीवर कोणालाच ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापूर परिसरात केलेला प्रयोग नेमका याच अडचणीभोवती रचलेला होता. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या भागात ढग येतात, पण त्यांतले पुष्कळसे न बरसताच पुढे सरकतात. पावसाचा एक थेंब तयार होण्यासाठी ढगातले सुमारे दहा लाख सूक्ष्म थेंब एकत्र यावे लागतात, आणि ते सगळे एकसारखे बारीक असतील तर एकमेकांवर आदळतच नाहीत. म्हणून विमानाच्या पंखांना बांधलेल्या नळकांड्या ढगाच्या तळाशी पेटवून कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडले जातात; हे कण बाष्प ओढून घेतात, त्यांच्याभोवतीचे थेंब मोठे होतात आणि खाली येताना इतरांना गिळत जातात. मात्र आभाळच कोरडे असेल तर फवारायचे कशावर? ढग निर्माण करण्याची ही विद्या नव्हे.

आता खरी मेख. वैमानिकाला मोकळीक दिली तर तो साहजिकच गच्च भरलेला ढग निवडेल, आणि तसा ढग फवारणी न करताही बरसला असता. त्यामुळे आधी योग्य ढग निवडायचा आणि त्यावर फवारणी करायची की नाही हे नाणे उडवावे तसे दैवावर सोपवायचे, अशी पद्धत ठेवली गेली. अशा २७६ ढगांचा अभ्यास झाला. फवारलेल्या ढगांखाली, वाऱ्याच्या दिशेने पुढच्या सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात, न फवारलेल्यांच्या तुलनेत सरासरी १८ टक्के अधिक पाऊस नोंदला गेला. काही ठिकाणी ही वाढ ४६ टक्क्यांपर्यंत होती. हा आकडा “सोलापुरात १८ टक्के जास्त पाऊस पाडता येतो” असा वाचणे साफ चुकीचे आहे, कारण तो निवडक ढगांचा आहे, जिल्ह्याच्या हंगामाचा नव्हे.

न फवारलेले ढग मोजण्याची ही सवय आपल्याला शाळेत लागत नाही. प्रयोगवहीत निष्कर्ष आधीच पाठ असतो, आणि प्रयोग फसला तर शेजाऱ्याची वही पाहून आकडे दुरुस्त केले जातात (मीही केले आहेत). सिद्धेश्वर यात्रेत वासराच्या हालचालींवरून पावसाची आणि बाजारभावाची भाकणूक होते. तिच्याविषयी बोलताना आपण खरी ठरलेली वर्षे मोजतो, चुकलेली विसरतो. विमानाबाबत वर्तमानपत्र वाचणारेही तेच करतात, त्यामुळे श्रद्धाळूंना हसण्याचा अधिकार फारसा कोणाला उरत नाही.

नाणे उडवण्याची युक्ती मी टपरीवर समजावून सांगितली, तेव्हा मोहोळकरांना ती पटलेली दिसली. मामांनी मात्र बशीतला चहा संपवून विचारले, “मग आमच्या शिवारावरचा तो एक ढग, त्याला विमानानं घालवलं का नाही?” एका ढगाबद्दल हा प्रयोगही काही सांगू शकत नाही, हे मला कबूल करावे लागले.