गराडूचा वास आणि भरलेलं पोट

आमच्या इंदूरच्या सराफ्यात रात्री सोन्या-चांदीच्या पेढ्या बंद होतात आणि त्यांच्याच पायऱ्यांसमोर कढया चढतात. घरून पोटभर जेवून निघालेला माणूसही गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या, वासानं थबकतो. चौथ्या तुकड्याला चव लागेनाशी होते, तरी हात द्रोणाकडे जातोच.

मेंदूत 'हवंसं वाटणं' आणि 'आवडणं' यांच्या वाटा वेगळ्या आहेत, हे अमेरिकी शास्त्रज्ञ केंट बेरिज यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. मेंदूतलं डोपामिन हे रसायन जवळजवळ संपवलेल्या उंदरांच्या तोंडात साखरेचं पाणी घातलं तर ते चवीनं जिभल्या चाटत; पण स्वतः उठून खायला जात नसत. म्हणजे व्हॉट्सॲपवर 'आनंदाचं रसायन' म्हणून मिरवणारं डोपामिन खरं तर ओढीचं रसायन आहे.

कामवासनेचा नाद लागलेल्यांत हीच फारकत दिसते. २०१४ साली केंब्रिजच्या संशोधकांनी असा त्रास असलेल्या १९ पुरुषांना लैंगिक चित्रफिती दाखवून त्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले. नशेच्या व्यसनात जे भाग पेटतात, तेच इथेही जास्त पेटले. या पुरुषांची ओढ इतरांपेक्षा जास्त होती, आवड मात्र जास्त नव्हती! पार्किन्सनच्या काही रुग्णांत डोपामिनसारखं काम करणाऱ्या गोळ्यांमुळे कामेच्छा एकाएकी अनावर होते, आणि डॉक्टरांनी मात्रा कमी केली की बहुधा ओसरते. घरातल्या आजोबांचं असं काही झालं, तर 'म्हातारपणी चळले' म्हणण्याआधी गोळ्यांची चिठ्ठी बघावी.

मग कामवासनेच्या या नादाला व्यसन म्हणायचं का? जागतिक आरोग्य संघटनेनं हात जरा राखूनच ठेवला आहे. २०२२पासून लागू झालेल्या तिच्या आजारांच्या यादीत हा विकार आहे, पण आवेगावर ताबा न राहण्याच्या गटात. साधारण सहा महिने किंवा जास्त काळ आवरता न येणं, त्यापायी काम, घर, तब्येत यांची हेळसांड होणं, मजा उरली नाही तरी न थांबणं, ही त्याची खूण. आठवड्यातून किती वेळा, याचा आकडा त्यात नाही. आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती अट अशी: त्रास निव्वळ 'हे पाप आहे' या भावनेतून होत असेल, तर तो आजार धरायचा नाही. रेल्वेरुळांकडेच्या भिंतींवर 'गुप्तरोग' रंगवणाऱ्यांचा धंदा नेमका या भावनेवर चालतो. हस्तमैथुनानं अशक्तपणा येतो, ही त्यांची आवडती थाप.

खऱ्या विकारात नैराश्य, चिंता, झोपेचं खोबरं हे बऱ्याचदा सोबत असतं. कोण आधी, कोण नंतर हे सांगणं अवघड, कारण ते गोल फिरतं. इंदूरच्याच भंवरकुआँ भागात भाड्याच्या खोलीत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एखादा मुलगा घ्या. जीव घाबरा होतो, फोन हातात येतो, घटकाभर सुटल्यासारखं वाटतं. मग लाज, आणि लाजेनं पुन्हा जीव घाबरा.

समुपदेशक इथे 'सोडून दे' म्हणत नाहीत. वही द्यायची, ओढ आली की वेळ, जागा आणि त्याआधीचा अर्धा तास लिहायला सांगायचं, अशी सुरुवात असते. गरजेप्रमाणे मनोविकारतज्ज्ञ नैराश्यावरची औषधंही देतात. वहीतल्या त्या अर्ध्या तासात वासना क्वचितच सापडते. बहुतेक वेळा तिथे सराव परीक्षेचे गुण असतात, नाहीतर घरून आलेला फोन.