जपानमधील कामकरी तरुणींचे समाजशिक्षण (म्हणजे शाळेबाहेरचे शिक्षण) : पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धापूर्वी सूतगिरण्या आणि रेशीम कारखान्यांच्या वसतिगृहांत राहणाऱ्या मुलींना कामाची पाळी संपल्यावर शिवण, स्वयंपाक, पुष्परचना शिकवत. मुली टिकाव्यात आणि पुढे सासरी नीट नांदाव्यात, एवढाच त्यामागचा हिशेब. १९३९ मध्ये कामकरी तरुणांसाठीच्या अर्धवेळ ‘युवक शाळा’ सक्तीच्या झाल्या, त्याही फक्त मुलग्यांसाठी.

खरा वाद पेटला तो १९५३ च्या युवक वर्ग प्रोत्साहन कायद्यावरून. युद्ध संपल्यावर गावोगावच्या तरुण-तरुणींनी आपणहून रात्रीचे वर्ग सुरू केले होते. या कायद्याने ते स्थानिक पालिकांच्या अखत्यारीत आणले आणि त्यांना सरकारी अनुदान देऊ केले. तरुणांच्याच देशव्यापी संघटनेने त्याला कडाडून विरोध केला. अनुदानापाठोपाठ सरकारचा शिरकाव होईल, शिवाय ज्यांना हायस्कूल परवडत नाही त्यांची अशा वर्गांवर बोळवण होईल, ही भीती होती. ती रास्तच होती. मुलींच्या वाट्याला तर पुन्हा शिवण-स्वयंपाकच जास्त आला. विरोधकांनी पर्याय सुचवला तो छोट्या गटांत बसून स्वतःच्याच अडचणींवर बोलत शिकण्याचा.

तो पर्याय खऱ्या अर्थाने रुजवला गिरणीतल्या मुलींनी. योक्काइची या शहरातल्या एका लोकर गिरणीत त्या आधीपासूनच आपल्या घराविषयी लिहीत होत्या. गावाकडच्या आईने काय सोसले, घरात पैसा का पुरत नाही, हे त्या लिहून काढत, एकमेकींना वाचून दाखवत आणि पुन्हा लिहीत. समाजशिक्षणाच्या इतिहासात या वह्यांना कायद्याहून मोठे स्थान मिळायला हवे. १९५४ मध्ये एका मोठ्या सूत कंपनीत १०६ दिवसांचा संप झाला. आमची पत्रे फोडू नका, लग्नाचे स्वातंत्र्य द्या, बाहेर जाऊ द्या, अशा मागण्या त्यात होत्या. आपले रोजचे जगणे शब्दांत मांडण्याची निकड तिथेही तीच होती.

पुढे चित्र झपाट्याने पालटले. १९५५ मध्ये निम्मीच मुले-मुली हायस्कूलला जात. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे प्रमाण ९० टक्क्यांवर गेले. मुली मिळेनाशा झाल्या तेव्हा कापड कंपन्यांनीच आलटून-पालटून पाळ्या लावून अर्धवेळ हायस्कूलची सोय दाखवत दूरच्या खेड्यांतून भरती केली. म्हणजे शिक्षण हेच भरतीचे आमिष झाले. गावोगावचे युवक वर्ग ओस पडत गेले आणि १९९९ मध्ये तो कायदाही रद्द झाला.