शाहूंना सांभाळणारी कोण: झेबुन्निसा की झीनतुन्निसा?

औरंगजेबाच्या या दोन लेकींची गल्लत मराठीत सर्रास होते. दोघी सख्ख्या बहिणी. ‘बीबी का मकबरा’ जिच्यासाठी उभा राहिला त्या दिलरस बानूच्या पोटच्या. झेबुन्निसा थोरली, १६३८ची. झीनत पाचेक वर्षांनी धाकटी.

एक साल ध्यानात ठेवलं तरी पुरे: १६८१. शाहजादा अकबराने बापाविरुद्ध केलेलं बंड फसलं आणि त्याने टाकून दिलेल्या छावणीत झेबुन्निसाची पत्रं सापडली. अकबर पळून संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. इकडे बहिणीचा वर्षाचा चार लाखांचा तनखा बंद, मालमत्ता जप्त, आणि रवानगी दिल्लीच्या सलीमगडावर. १७०२ साली ती वारली. म्हणजे १६८९ मध्ये रायगड पडून येसूबाई आणि सातेक वर्षांचे शाहू मोगलांच्या हाती लागले, तेव्हा ही बाई स्वतःच आठ वर्षं कैदेत होती. ती कुणाला काय सांभाळणार? आग्र्याला शिवाजी महाराजांना पाहून ती भाळली, ही तर निव्वळ नाटकी कथा; समकालीन साधनांत तिला आधार नाही.

शाहूंच्या पाठीशी होती ती झीनत. दख्खनच्या स्वारीत म्हाताऱ्या बादशहाच्या जनानखान्याचा कारभार तिच्याकडे होता. भीमाकाठी ब्रह्मपुरीला तळ पडला तेव्हाही ती बरोबर होती. शाहूंना सात हजारी मनसब आणि ‘राजा’ हा किताब मिळाला, पण राहायचं बादशाही गुलालबारच्या, म्हणजे बादशहाच्या खास तंबूंच्या आवाराच्या आसपास, पहाऱ्यात. पुढे त्यांच्यावर धर्मांतराचं संकट आलं. ते टळलं, पण प्रतापराव गुजरांच्या दोन मुलांना मुसलमान व्हावं लागलं. या साऱ्यात झीनतने मायलेकरांची बाजू घेतली असं आपल्याकडे परंपरेने सांगतात. मला ते पटतं. झेबुन्निसाचं राजकारण पत्रांत होतं, म्हणून पकडलं गेलं. झीनतचं वजन बापाच्या डेऱ्यात रोजच्या बोलण्यात खर्ची पडायचं. त्याचा कागद कुठून मिळणार?

सुटका मात्र तिच्या हातात नव्हती. औरंगजेब गेल्यावर १७०७ मध्ये आझमशहाने शाहूंना सोडलं ते मराठ्यांत दुही माजावी म्हणून, आणि येसूबाईंना ओलीस ठेवूनच. त्या परत आल्या १७१९ साली, बाळाजी विश्वनाथ दिल्लीला जाऊन आले तेव्हा.