पेन्सिल काढली की चुंबक पडतो

जुन्या स्पीकरमधले दोन गोल चुंबक उभ्या पेन्सिलीत ओवून बघा. सारखे ध्रुव समोरासमोर आले की वरचा अधांतरी राहतो. बोटानं दाबला तर स्प्रिंगसारखा परत उसळतो. आता पेन्सिल काढून घ्या. तो बाजूला सटकतो, उलटतो आणि खालच्याला खटकन चिकटतो.

नुसत्या स्थिर चुंबकांच्या जोरावर दुसरा चुंबक हवेत टिकून राहत नाही, हे अर्नशॉ या इंग्रज गणितज्ञाच्या १८४२ सालच्या सिद्धांतातून निघतं. तरंगणं सोपं, टिकणं अवघड. मॅग्लेव्ह गाडीला, म्हणजे चुंबकांच्या जोरावर तरंगत धावणाऱ्या गाडीला, म्हणूनच पेन्सिलीची जागा घेणारं काहीतरी लागतं.

शांघायच्या विमानतळाकडे जाणाऱ्या ३० किलोमीटरच्या मार्गावर ते काम इलेक्ट्रॉनिक्स करतं. तंत्र जर्मन आहे. गाडीच्या कडा मार्गाखाली वळवलेल्या असतात आणि त्यांतले विद्युतचुंबक वरच्या लोखंडाकडे ओढले जातात. म्हणजे गाडी ढकलून नव्हे, खेचून उचललेली! फट जेमतेम एक सेंटीमीटर. ती कमी झाली की ओढ आणखी वाढते, म्हणून सेन्सर सेकंदाला हजारो वेळा फट मोजतात आणि वीजप्रवाह कमीजास्त होत राहतो.

जपानी उपाय मला जास्त देखणा वाटतो. तिथे गाडीत नायोबियम-टायटॅनियमची वेटोळी असतात, द्रवरूप हेलियमनं उणे २६९ अंशांपर्यंत थंड केलेली. इतक्या थंडीत त्यांचा विद्युतरोध शून्य होतो, त्यामुळे एकदा सोडलेला प्रवाह फिरतच राहतो. मार्गाच्या दोन्ही भिंतींत इंग्रजी आठच्या आकड्यासारखी साधी वेटोळी बसवलेली असतात. गाडीचा चुंबक शेजारून गेला की त्यांत आपोआप वीज निर्माण होते. गाडी मधल्या रेषेखाली झुकली, तर आठचं खालचं कडं तिला वर ढकलतं आणि वरचं ओढतं. सेन्सर नको, हिशेब नको. मात्र हे सगळं वेगावर चालतं, त्यामुळे ताशी दीडशे किलोमीटरपर्यंत गाडी चक्क रबरी चाकांवर धावते आणि मग विमानासारखी चाकं पोटात घेते. फट असते १० सेंटीमीटर.

पुढे ढकलायला मोटरच, पण पंख्याची मोटर उभी चिरून मार्गभर पसरावी तशी.

२१ एप्रिल २०१५ रोजी यामानाशीच्या चाचणी मार्गावर या गाडीनं ताशी ६०३ किलोमीटर गाठले. चाकांचं घर्षण संपलं, तरी हवा राहतेच, आणि तिचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. त्यातून टोकियो-नागोया मार्ग बहुतांश बोगद्यांतून जाणार. म्हणून त्या गाडीचं नुसतं नाकच १५ मीटर लांब होतं.