अपग्रेडनंतर सर्व्हर सुरू होत नाही? फॉरमॅट करण्याआधी हे वाचा

आमच्याकडून घेतलेल्या घरगुती सर्व्हरवर डेबियन (लिनक्सची ऑपरेटिंग सिस्टिम) आणि सांबा (घरातल्या इतर संगणकांना फाइल्स उघडून देणारा प्रोग्रॅम) असते. सिस्टिम एका छोट्या डिस्कवर, तुमचे फोटो आणि कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर. त्यामुळे डेबियन १२ वरून १३ वर जाताना सिस्टिम अडली, तरी फोटो जागेवरच असतात. ते जातात ते बहुधा घाईघाईत भलतीच डिस्क फॉरमॅट केल्याने.

आधी मॉनिटर आणि कीबोर्ड जोडा (घरचा टीव्हीही चालेल) आणि गाडी कुठे अडलीय ते वाचा.

आमच्याकडे सर्वाधिक येणारी तक्रार अशी: 'स्टार्ट जॉब इज रनिंग' ही ओळ दीड मिनिट चालते आणि मग 'इमर्जन्सी मोड' येतो. याचा अर्थ, एफएसटॅब फाइलमध्ये (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) नोंदलेली एखादी डिस्क सापडत नाही. बॅकअपची यूएसबी डिस्क कपाटात गेलेली असते, नाहीतर धूळ झटकताना आतल्या डिस्कची साटा केबल सैल झालेली असते. खापर फुटते अपग्रेडवर. पण सर्व्हर कित्येक महिने रीस्टार्टच झालेला नसतो, म्हणून हे तेव्हाच उघडे पडते. डिस्क जोडून पुन्हा सुरू करा.

कायमचा उपाय म्हणजे एफएसटॅबमधल्या त्या डिस्कच्या ओळीत 'नोफेल' (डिस्क नसली तरी अडू नको) घालणे आणि डिस्क एसडीए, एसडीबी अशी न लिहिता यूयूआयडीने (तिच्या स्वतःच्या ओळखक्रमांकाने) लिहिणे. ती नावे प्रत्येक बूटला बदलू शकतात. मात्र नोफेलची एक खोच आहे. डिस्क नसली तरी सर्व्हर निमूट सुरू होतो आणि रात्रीचा बॅकअप रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे सिस्टिमच्याच डिस्कवर पडत राहतो. ती भरली की नवी डोकेदुखी. तेव्हा अधूनमधून जागा तपासा.

'कर्नल पॅनिक' (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा) दिसले, तर सुरुवातीला येणाऱ्या ग्रबच्या मेनूतील 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा कर्नल निवडा. बूटचे वेगळे पार्टिशन जुन्या कर्नलनी भरले की नव्याची इनिट्रॅमएफएस (कर्नलला सुरू होताना लागणारी फाइल) अर्धवट राहते. जुने काढून टाका, पण चालणारा एक तरी ठेवा.

डेटा डिस्कवर झेडएफएस ही फाइल सिस्टिम घेतलेल्यांसाठी: सर्व्हर सुरू झाला, पण पूल (झेडएफएसने एकत्र बांधलेल्या डिस्क) गायब? नव्या कर्नलसाठी झेडएफएसचे मॉड्यूल (कर्नलला जोडणारा भाग) तयार झाले नसावे. इथेही जुना कर्नल निवडा. त्याच डिस्कवर नवा पूल मात्र बनवू नका, कृपया!

'नो बूटेबल डिव्हाइस' आले तर बायोसमधला (मदरबोर्डच्या सेटिंग्जमधला) बूट क्रम, म्हणजे आधी कोणती डिस्क सुरू होते ते, पाहा. घड्याळही मागे गेले असेल, तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी बदला. कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते, त्यासाठी आमच्याकडे यायची गरज नाही.

तुमच्या भागात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जात असेल, तर अपग्रेड त्या दिवशी नको. यूपीएस असला तरी नको. अपग्रेड मध्येच तुटले की अर्धी पॅकेजेस जुनी आणि अर्धी नवी राहतात.

एवढ्याने जमले नाही, तर स्क्रीनचा स्पष्ट फोटो व्हॉट्सअ‍ॅप करा. शेवटच्या दहा-पंधरा ओळी वाचता आल्या पाहिजेत. नुसते 'चालत नाही' असे लिहिलेत, तर आम्ही फोटोच मागणार.