रॅकेटचं डोकं मोठं झालं, फटका किती बदलला?

नवी टेनिस रॅकेट हातात आली की पहिल्याच संध्याकाळी निकाल लागतो, "हिच्यात जुनीपेक्षा पॉवर जास्त आहे." नागपुरात रामनगरच्या कोर्टांवर असो की एखाद्या क्लबात, हे वाक्य कानावर पडतंच. पण त्या संध्याकाळी एकाच वेळी चार गोष्टी बदललेल्या असतात. डोक्याचा (तारा विणलेल्या लंबगोल भागाचा) आकार, वजन, फ्रेमचा कडकपणा आणि गटिंग, म्हणजे त्या तारांची ताणलेली वीण. जुन्या रॅकेटचं गटिंग वर्ष-दोन वर्षांपूर्वीचं, मरगळलेलं, नवीचं कालचं. यातलं कशाचं श्रेय कशाला द्यायचं हे सुटं करून पाहिल्याशिवाय आठ-दहा हजारांचा निर्णय घेणं बरोबर नाही. आणि सुटं करून पाहणं फारसं अवघडही नाही.

सुरुवात मोजमापापासून करू. डोक्याचा आकार चौरस इंचांत सांगतात आणि तो बहुतेक नव्या फ्रेमवर छापलेला असतो. जुन्या रॅकेटवर नसेल तर घरीच काढता येतो. गटिंगच्या जाळीची आतली लांबी आणि आतली रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजायची, दोन्हींचा गुणाकार करायचा, त्याला ०.७८५ ने गुणायचं आणि ६.४५ ने भागायचं. लाकडी रॅकेटमध्ये साधारण २६.७ गुणिले २०.३ सेंटिमीटर भरतं, म्हणजे सुमारे ६६ चौरस इंच. आजच्या १०० इंची (म्हणजे १०० चौरस इंचांच्या) रॅकेटमध्ये ३३ गुणिले २४.९ च्या आसपास. पीट सॅम्प्रास संपूर्ण कारकीर्द ८५ इंचीवर खेळला. रॉजर फेडरर बरीच वर्षं ९० इंचीवर होता आणि २०१४ मध्ये ९७ इंचीवर गेला. राफाएल नदालची १०० इंची.

लाकडी रॅकेट मोठी का नव्हती? कारण लाकडाला ती पेलवलीच नसती. उभ्या तारा १८ आणि प्रत्येकीचं टेन्शन (ताण) ५५ पाउंड, म्हणजे जवळजवळ २५ किलो, धरलं तर डोक्याच्या वरच्या कमानीला या तारा मिळून ४५० किलोंनी खाली ओढत असतात. आडव्या तारांची ओढ वेगळीच. कमान जितकी रुंद तितकी ती सहज वाकते. त्यातून लाकूड हवेतला ओलावा शोषतं. नागपूरची मे महिन्यातली कोरडी हवा आणि ऑगस्टमधली दमट हवा यांच्यात लाकडी डोकं पिळवटायला वेळ लागत नाही. म्हणून जुन्या घरांत अशा रॅकेटी चार स्क्रूंच्या लाकडी प्रेसमध्ये आवळून ठेवलेल्या दिसायच्या.

ही अडचण धातूने सोडवली. स्की बनवणारे अमेरिकन इंजिनियर हॉवर्ड हेड निवृत्तीनंतर टेनिस शिकू लागले. चेंडू मधोमध बसला नाही की रॅकेट हातात फिरते, हे त्यांना खटकलं. त्यांनी ॲल्युमिनियमचं, सुमारे ११० चौरस इंचांचं डोकं बनवलं, १९७६ मध्ये पेटंट मिळवलं आणि प्रिन्स कंपनीमार्फत ती रॅकेट बाजारात आणली. तोवर टेनिसच्या नियमांत रॅकेटच्या मापावर बंधनच नव्हतं. १९७८ मध्ये १६ वर्षांची पॅम श्रायव्हर हीच मोठी रॅकेट घेऊन यूएस ओपनच्या अंतिम फेरीत पोचली. आजच्या नियमाप्रमाणे रॅकेटची एकूण लांबी ७३.७ सेंटिमीटरपेक्षा आणि जाळी ३९.४ गुणिले २९.२ सेंटिमीटरपेक्षा मोठी चालत नाही.

हेड यांच्या कल्पनेतलं भौतिकशास्त्र सरळ आहे. डोंबारी दोरीवरून चालताना लांब बांबू आडवा धरतो, कारण वजन मध्यापासून जितकं दूर तितकं ते फिरवायला कठीण. रॅकेटच्या दोन्ही कडांचं वजन मधल्या अक्षापासून दूर नेलं की तोच परिणाम मिळतो, आणि तो अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो. रुंदी २०.३ वरून २४.९ झाली म्हणजे १.२३ पट, त्याचा वर्ग १.५. वजन तेवढंच राहिलं असतं तर नवी रॅकेट पिळायला दीडपट कठीण झाली असती.

पण वजन तेवढंच राहिलं नाही. लाकडी रॅकेट गटिंगसह ३९० ग्रॅमच्या आसपास असायची, आजची कार्बन फायबरची १०० इंची ३१५ ग्रॅमच्या. ढोबळ हिशेब केला तर दीडपटीचा फायदा १.२ पटीवर येतो. ८५ इंची जड ग्रॅफाइट रॅकेट, समजा ३५५ ग्रॅमची, आजच्या ३१५ ग्रॅमच्या १०० इंचीशेजारी ठेवली तर पिळाच्या बाबतीत दोघी जवळपास सारख्याच ठरतात. सॅम्प्रास आपल्या रॅकेटला शिशाची पट्टी लावून ती आणखी जड करायचा. मोठ्या डोक्याचं खरं देणं आमच्या मते हेच आहे की जो स्थिरपणा पूर्वी जड रॅकेट फिरवू शकणाऱ्या मनगटालाच मिळत होता, तो हलक्या रॅकेटमध्येही मिळू लागला. शाळकरी मुलांना आणि पन्नाशीनंतर खेळणाऱ्यांना ही फार मोठी गोष्ट आहे.

मग "पॉवर" कुठून आली? चेंडू जाळीच्या योग्य बिंदूवर बसला आणि दोन्ही रॅकेटी सारख्याच वेगाने फिरवल्या, तर लहान आणि मोठ्या डोक्यांतून निघणाऱ्या चेंडूच्या वेगात फार फरक नसतो. फरक पडतो तो बाजूला बसलेल्या फटक्यात. लहान डोकं तिथे फिरतं, चेंडूचा वेग मरतो आणि तो नेटमध्ये किंवा सर्व्हिस लाइनच्या आत पडतो. मोठं डोकं तोच फटका मीटर-दोन मीटर पुढे नेतं. म्हणजे सर्वांत चांगला फटका तेवढाच राहतो, वाईट फटके सुधारतात. शिवाय हेड यांनी डोकं मुठीच्या दिशेनेही वाढवलं. जुन्या रॅकेटमध्ये चेंडूला सर्वांत जास्त वेग देणारा भाग जाळीच्या मध्याखाली, गळ्याजवळ होता. जाळी खाली सरकल्यावर तो भाग मध्याच्या जवळ आला.

टॉपस्पिनचं (चेंडूला पुढच्या दिशेने गरगर फिरवणाऱ्या फटक्याचं) गणित मात्र वेगळं, आणि तिथे रुंदीला पर्याय नाही. टॉपस्पिनसाठी रॅकेट खालून वर वेगाने न्यावी लागते, त्यामुळे चेंडू जाळीवर आडवा सरकण्याची आणि फ्रेमला लागण्याची भीती असते. चेंडूचा व्यास सुमारे ६.७ सेंटिमीटर. लाकडी रॅकेटमध्ये चेंडू बरोबर मध्यावर असताना दोन्ही बाजूंना ६.८ सेंटिमीटर जागा उरते, १०० इंचीत ९.१. ही तिसरा हिस्सा जास्तीची जागा खेळाडूला तिरका, जोरदार वरचा झटका मारायची मुभा देते. स्वीडनचा माजी विजेता ब्यॉन बोर्ग निवृत्तीनंतर १९९१ मध्ये मोंटे कार्लोच्या स्पर्धेत लाकडी रॅकेट घेऊन परतला आणि पहिल्याच फेरीत हरला, यामागे त्याचा सराव तुटला होता हे कारण होतंच. पण समोरच्यांचे फटके आता लाकडी रॅकेटच्या आवाक्यातले राहिले नव्हते, हेही होतं.

आता गटिंग, कारण खरेदीतल्या बहुतेक चुका इथे होतात. जाळीचा कडकपणा टेन्शन भागिले तारेची लांबी या प्रमाणात असतो. डोकं मोठं म्हणजे तार लांब, म्हणजे त्याच टेन्शनला जाळी सैल. ८५ इंचीत ५२ पाउंड आवडत असेल तर १०० इंचीत तसाच स्पर्श मिळवायला १.०८५ ने गुणा, साडेछप्पन्न पाउंड येतील. मात्र फ्रेमवर छापलेल्या कमाल टेन्शनच्या वर जाऊ नये. हा आकडा म्हणजे १०० भागिले ८५ चं वर्गमूळ, कारण लांबी क्षेत्रफळाच्या वर्गमुळाने वाढते. ९७ वरून १०० वर जाताना फरक पाउंडभरही नाही, तिथे काही बदलू नका.

जाळी सैल असली की चेंडू कमी चेपतो. चेंडू हाच ऊर्जा खाणारा भाग आहे. नियमाप्रमाणे २५४ सेंटिमीटरवरून काँक्रीटवर सोडलेला चेंडू १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे, म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त ऊर्जा चेंडूच गिळतो. तार मात्र घेतलेली ऊर्जा जवळजवळ सगळी परत देते. तरीही टेन्शनमुळे वेगात पडणारा फरक अगदी थोडा असतो. चेंडू जाळीवरून थोडा जास्त उंच कोनात सुटतो आणि लांब पडतो, हे जास्त जाणवतं. खेळाडू त्यालाच पॉवर म्हणतो.

तुलना न्याय्य करायची तर दोन्ही रॅकेटींना एकाच दिवशी, एकाच प्रकारची तार, वर सांगितल्याप्रमाणे टेन्शन बदलून बसवून घ्या. साधी नायलॉनची सिंथेटिक गट, १.३० मिलिमीटर, या कामाला उत्तम. पॉलिएस्टर लवकर सैल पडते. दोन्हींना सारखी ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळायची पट्टी) हवी, मुठीचा घेर सारखा हवा. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा. रॅकेट पट्टीच्या कडेवर तोलून मुठीच्या टोकापासून तोलबिंदूचं अंतर मोजा. नेहमीची रॅकेट ६८.५ सेंटिमीटर असते, तिचा मध्य ३४.३ वर. तोलबिंदू ३२ वर आला तर ती मुठीकडे जड. मुठीकडे जड रॅकेट नेटजवळ चपळ वाटते. डोक्याकडे जड असेल तर तेवढंच वजन हाताला जास्त भासतं.

मग जाळीवर कंप नसलेला बिंदू शोधा. मूठ दोन बोटांत सैल लटकवा आणि मध्यरेषेवर चेंडूने वरून खाली टकटक करत या. जिथे हाताला झिणझिण जाणवत नाही तो हा बिंदू. तारांत अडकवलेला रबरी डॅम्पनर काढायची गरज नाही, तो फक्त तारांचा आवाज थांबवतो, फ्रेमचा कंप नाही.

कोर्टावर सहा नवे चेंडू पुरेत. जोडीदाराने हाताने, एकाच उंचीवर चेंडू द्यावेत. सर्व्हिस लाइन ते बेसलाइन (कोर्टाची शेवटची रेघ) हे अंतर ५.४९ मीटर, त्याच्या मधोमध खडूची रेघ मारा. प्रत्येक रॅकेटने ३० फोरहँड, ३० बॅकहँड, पण दर दहा फटक्यांनी रॅकेट बदलत, म्हणजे दमल्याचा परिणाम दोघींवर सारखा वाटला जाईल. नेट, अपुरा (खडूच्या रेघेच्या अलीकडे), खोल (रेघ ते बेसलाइन), बाहेर असे चार रकाने करा. सर्वांत लांब गेलेला फटका विसरा, किती चेंडू "खोल" पडले ते पाहा. शेवटच्या दहा फटक्यांसाठी चेंडू खडूच्या पुडीत घोळवा. जाळीवर पांढरे ठसे उमटतील. ठसे त्या कंप नसलेल्या बिंदूभोवती सात-आठ सेंटिमीटरच्या वर्तुळात दाट असतील तर मोठ्या डोक्याने तुमचं फार काही वाढणार नाही. जुन्या रॅकेटला नवं गटिंग हाच स्वस्त उपाय. ठसे कडेपर्यंत पसरले असतील तर ९८ ते १०० इंची घ्या. बॅकहँडचे ठसे बहुतेकांचे फोरहँडपेक्षा जास्त विखुरतात.

कोपर दुखत असेल तर आकाराइतकाच फ्रेमचा कडकपणा तपासा. जाड, कडक फ्रेम बाजूला बसलेल्या फटक्यात वेग टिकवते, पण धक्का हाताकडे पाठवते. त्यावर कडक पॉलिएस्टर म्हणजे दुखण्याला आमंत्रण.

आणि नागपूरचं ऊन. चेंडूंची अधिकृत चाचणी सुमारे २० अंश सेल्सिअसला होते. मे महिन्यात सायंकाळी कोर्टावर ४२ असतील तर चेंडूच्या आतला हवेचा एकूण दाब सात-आठ टक्क्यांनी वाढलेला असतो, रबरही जास्त उसळतं आणि तार थोडी सैल पडते. अशा वेळी प्रत्येक रॅकेट बेफाम वाटते. तेव्हा दोन्ही रॅकेटींची परीक्षा एकाच तासात घ्या, शक्यतो सकाळी सहाच्या सुमारास. रॅकेट गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका, तारांचं टेन्शन एका दुपारीत उतरतं आणि परत येत नाही. उन्हाळ्यात दोन पाउंड जास्त लावून घ्यायचे आणि नोव्हेंबरच्या गटिंगला ते पुन्हा कमी करायचे.