मराठी ख्रिस्ती पुस्तकं : आधी कोणतं घ्यावं?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ख्रिस्ती पुस्तकांच्या कपाटापाशी आमच्याकडे दोन तऱ्हेचे वाचक थांबतात. काहींच्या घरी बायबल असतं, उपासनेची गाणी तोंडपाठ असतात, पण आपल्या माणसांनी मराठीत आणखी काय काय लिहून ठेवलंय हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. काही वाचक ख्रिस्ती नसतात. लक्ष्मीबाई टिळकांचा एखादा धडा शाळेत वाचलेला असतो, तेवढीच ओळख. दोघांनाही आम्ही एकच सांगतो : ‘स्मृतिचित्रे’पासून सुरुवात करा आणि तिथून मागे जा.

लक्ष्मीबाईंचं हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलं. शेवटचा भाग लक्ष्मीबाईंच्या निधनानंतर त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी पुरा केला. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० साली. मधल्या वर्षांत सोवळ्यात वाढलेल्या या बाईची जी ओढाताण झाली, ती त्यांनी इतक्या मोकळेपणाने सांगितली आहे की धर्मांतराचे ग्रंथ वाचून कळणार नाही ते इथे चार पानांत कळतं. नवऱ्यावर रागावतात, रडतात, हसवतात आणि कुठेही स्वतःला मोठं करत नाहीत. विश्वास हा त्यांच्याकडे वादात जिंकायचा मुद्दा म्हणून येत नाही. माणसांबरोबर राहता राहता, जातीचा विटाळ मनातून उतरता उतरता तो येतो. या पुस्तकाच्या संक्षिप्त आवृत्त्याही आहेत. शक्य असेल तर संपूर्णच घ्या. यातले घरगुती, किरकोळ वाटणारे प्रसंगच पुस्तकाचा जीव आहेत.

त्यानंतर ‘ख्रिस्तायन’. १९१९ साली टिळक गेले तेव्हा येशूच्या जीवनावरचं हे काव्य अपुरं होतं. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं, आणि त्यातला मोठा भाग त्यांचाच आहे. ‘स्मृतिचित्रे’ वाचून झाल्यावर हे हाती घेतलं तर एकेक ओवी कोणाच्या हातची आहे ते जाणवत राहतं. टिळकांची छोटी पदं आणि अभंग मात्र केव्हाही वाचा. तुकोबांच्या अभंगांवर वाढलेल्या कानाला ते परके वाटत नाहीत. येशूकडे आपण तुकारामांच्या पुलावरून आलो, असं टिळक स्वतःच म्हणत.

बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतलं जातं, म्हणून पुष्कळ जण मोठ्या अपेक्षेने नेतात. आमचं मत स्पष्ट सांगतो : गोष्ट म्हणून ती मधूनमधून थांबते, पात्रं उपदेश करू लागतात. पण यमुना आणि तिचा नवरा प्रवासात ज्या विधवांना भेटतात, त्यांच्या हकिकती आजही वाचवत नाहीत. त्या पानांसाठी ही कादंबरी घ्यावी. पदमनजींचं मन समजून घ्यायचं असेल तर त्यांचं आत्मचरित्र ‘अरुणोदय’ (१८८८) अधिक जवळचं वाटेल. बेळगावात वाढलेल्या एका तरुणाची ख्रिस्ती होण्याआधीची घालमेल त्यात आहे, आणि त्या काळच्या घरांचं, शाळांचं चित्रही.

सगळ्यात मागचं आणि आमच्या मते सगळ्यात श्रीमंत पुस्तक म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’. हे इंग्रज जेझुइट (येशूसंघ या कॅथलिक संघाचे) धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांचं बहुतेक आयुष्य तिथल्याच साष्टी भागात गेलं. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणं सुटली होती, ऐकायला दुसरं काही नव्हतं. त्यांच्यासाठी फादरांनी सुमारे अकरा हजार ओव्यांत बायबलची कथा सांगितली. १६१६ साली राशोल इथे ती रोमन लिपीत छापली गेली. देवनागरीत ती आणली शांताराम बंडेलू यांनी, १९५६ साली.

भाषा जुनी आहे, कोकणी वळणाचे आणि पोर्तुगीज शब्द अधूनमधून येतात, त्यामुळे डोळ्यांनी वाचायला गेलात तर दहा ओव्यांत दमाल. मोठ्याने वाचा. ज्या घरात पोथी वाचली गेली आहे तिथे कान लगेच लय पकडतो आणि अर्थ मागोमाग येतो. सुरुवात पहिल्या पुराणापासून, म्हणजे जुन्या करारापासून (बायबलच्या येशूपूर्व भागापासून), करू नका. दुसऱ्या पुराणातली येशूजन्माची कथा आधी उघडा. मराठीची थोरवी सांगणाऱ्या त्यांच्या ओव्या पाठ असलेले वाचक पुष्कळ भेटतात. त्यांनी हा पुढचा भाग वाचावा, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

आता बायबलविषयी, कारण सर्वांत जास्त विचारणा त्याचीच होते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या (चर्चच्या) बायबलमध्ये ६६ पुस्तकं असतात, कॅथलिक बायबलमध्ये ७३. दृढीकरणाला (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याच्या विधीला) किंवा लग्नात भेट द्यायची असेल तर ते कुटुंब कोणत्या मंडळीत जातं ते आधी विचारून या. पहिल्यांदाच वाचणाऱ्याला आम्ही वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ सुचवतो. मराठी प्रवाही आहे आणि सोबतच्या टिपांमुळे अनोळखी संदर्भांपाशी अडायला होत नाही. सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानाने, म्हणजे त्याने सांगितलेल्या येशूच्या कथेने, करा. सोळाच अध्याय आहेत आणि कथा झपाट्याने पुढे जाते. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची शेवटची वर्षं देऊन हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झालं. एका बाईने एकहाती पेललेलं हे काम आहे. नेहमीचं बायबल शेजारी ठेवून एखादं स्तोत्र दोन्हींत वाचून पाहा.

मागणी नोंदवताना पुस्तकाच्या नावाबरोबर आवृत्ती संक्षिप्त हवी की संपूर्ण तेही लिहा. आजी-आजोबांसाठी बायबल नेत असाल तर मोठ्या टायपाची प्रत मागा. ‘ख्रिस्तपुराण’ बाहेरून मागवावं लागतं, तेव्हा नाताळात घरी वाचायचं असेल तर दिवाळीच्या सुमारास कळवा.